शेवट आधीच ठरवून लिहिलेलं चरित्र : कर्ट कोबेन आणि ‘हेवियर दॅन हेवन’

मंद्रसप्तक

निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याचं चार्ल्स क्रॉसने लिहिलेलं चरित्र, ‘हेवियर दॅन हेवन’, साधारण असं सुरू होतं : त्याला पहिल्यांदा स्वर्ग दिसला तो अख्खी पिढी त्याच्या प्रेमात पडली त्या क्षणानंतर बरोबर सहा तास सत्तावन्न मिनिटांनी. (मराठी माझं.)

प्रसंग जानेवारी १९९२चा, न्यूयॉर्कमधला. ११ तारखेच्या रात्री निर्वाणा ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात वाजवते. त्याच सुमाराला त्यांच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून बिलबोर्डच्या यादीत पहिला नंबर घेतलेला असतो. आणि सकाळच्या सुमारास हॉटेलच्या खोलीत कर्ट हेरॉइनच्या अतिसेवनाने निपचित पडलेला सापडतो, त्याची प्रेयसी (पुढे बायको) कोर्टनी लव्ह त्याला शुद्धीवर आणते. हे सगळं घडलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण ते वाक्य पुन्हा वाचा. सहा तास सत्तावन्न मिनिटं हा आकडा दोन वेळांमधला फरक काढून आला असणार. एक गाणं वाजल्याची वेळ, दुसरी खोलीतली. वाक्यात मात्र या वेळा नाहीत. त्यांच्या जागी ‘पिढी प्रेमात पडली’ आणि ‘स्वर्ग दिसला’ हे शब्द आहेत, आणि या दोन्ही गोष्टी कुठल्याच घड्याळात मोजता येत नाहीत. मिनिटापर्यंतचा आकडा वाचला की आपण मान डोलावतो, आणि त्या आकड्याबरोबर बाकीचंही खरं मानून पुढे जातो. लगेच पुढच्या वाक्यात क्रॉस याला कर्टचा पहिला मृत्यू म्हणतो, नंतरच्या अनेक छोट्या मृत्यूंमधला पहिला. म्हणजे दोन वाक्यांत शेवट ठरला. त्यानंतर कर्टचा जन्म होतो, तो गिटार हातात घेतो, निर्वाणाचा बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिच त्याला भेटतो, आणि यातलं प्रत्येक पान आपण तो शेवट डोक्यात ठेवूनच वाचतो.

या पुस्तकाविषयी मला जे सांगायचंय ते एवढंच आहे : ते वाचून संपल्यावर वाटतं की या माणसाचं दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. ही खात्री मांडणीने तयार केलेली आहे, आणि ज्याचं आयुष्य सांगायचं त्याच्यावर ती अन्याय करते.

क्रॉसला कमी लेखण्यासाठी हा धागा नाही. तो सिएटलचाच. तिथल्या ‘द रॉकेट’ या संगीताच्या नियतकालिकाचा अनेक वर्षं संपादक होता. या बँडबद्दल तो लिहायला लागला तेव्हा जगाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. चार वर्षं काम करून, चारशेहून जास्त मुलाखती घेऊन त्याने हे पुस्तक २००१ साली आणलं. कर्टच्या वह्या छापून येण्याआधी त्याला वाचायला मिळाल्या होत्या. २०२४च्या ऑगस्टमध्ये तो गेला, तेव्हा सिएटलच्या संगीताची आठवण ठेवणारा मोठा माणूस गेला, असंच मला वाटलं.

त्याचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे पुलाची गोष्ट. शाळा सुटल्यानंतरच्या दिवसांत आपण अॅबर्डीन या आपल्या गावातल्या विशका नदीवरच्या पुलाखाली राहत होतो, असं कर्ट सांगायचा. ‘समथिंग इन द वे’ हे गाणं त्यातूनच आलं, असं सगळे मानायचे. पत्रकार मायकेल अॅझेराडच्या निर्वाणावरच्या १९९३च्या पुस्तकात कर्टच्या शब्दावर ती गोष्ट तशीच आली. क्रॉसने माणसं गाठून विचारलं. नोव्होसेलिचने त्याला सांगितलं की कर्ट तिथे बसायला जायचा, पण भरती-ओहोटीचं पाणी वरखाली होणाऱ्या त्या चिखलात राहणं कुणालाच शक्य नव्हतं. इथे वाचक म्हणून माझा क्रॉसवर पूर्ण विश्वास बसला. चाहत्यांना प्रिय असलेली दंतकथा मोडायची हिंमत त्याच्यात आहे, हे दिसलं.

हाच विश्वास तो शेवटच्या प्रकरणात वापरतो.

एप्रिल १९९४च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या व्यसनमुक्ती केंद्रातून कर्ट निघून गेला. ५ एप्रिलला सिएटलच्या घरी आत्महत्येने त्याचा मृत्यू झाला, आणि ८ तारखेला कामाला आलेल्या इलेक्ट्रिशियनला तो दिसला. त्या शेवटच्या तासांत त्याच्याजवळ कुणीही नव्हतं. तरी क्रॉस ते तास सलग सांगतो. तो उठला, त्याने हे लावलं, तो तिकडे बसला, त्याला हे आठवलं. खोलीत काय काय होतं याची माहिती आहे, आर.ई.एम.ची कोणती सीडी होती तेही सांगितलं गेलंय. सीडीवरून काय ऐकलं असेल याचा अंदाज येतो. पण ऐकताना मनात काय आलं, हे सांगायला कोण उरलं होतं? त्या पानांचा सूर मात्र पुलाच्या पानांइतकाच ठाम आहे. वाचकाला कळतच नाही की तपासलेली जमीन संपून आता कल्पना सुरू झालीय. (तपशील मी मुद्दाम देत नाहीये, प्रतिसादांतही कुणी देऊ नयेत ही विनंती.)

या दोन टोकांच्या मध्ये आहे खुणांची पेरणी. कर्टचा जन्म २० फेब्रुवारी १९६७चा, लाकूडतोडीवर जगणाऱ्या आणि तो धंदा बसत चाललेल्या अॅबर्डीनचा. लहानपणी त्याचा ‘बोडा’ नावाचा एक काल्पनिक मित्र होता, आणि शेवटची चिठ्ठी त्याने बोडाच्याच नावाने लिहिली. नऊ वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला, खोलीच्या भिंतीवर त्याने आई-बाबांबद्दलचा राग लिहून ठेवला. घराण्यातल्या आत्महत्या. किशोरवयात घरच्या कॅमेऱ्याने केलेली मृत्यूवरची छोटी फिल्म. एकेक गोष्ट खरी धरली तरी त्या एका माळेत ओवल्या की वाचकाला कार्यकारण दिसायला लागतं. दुसऱ्या गोष्टीही पुस्तकात आहेत. अगदी लहान असताना तो बीटल्सची गाणी म्हणायचा, मावशीकडे टेपवर आवाज भरायचा, सतत चित्रं काढायचा, चौदाव्या वाढदिवसाला मामाकडून त्याला गिटार मिळाली. पण त्यांच्यापासून पुढे कुठे रेघ ओढलेली नाही. त्या येतात आणि मागे राहतात.

सगळ्यात ठळक उदाहरण एमटीव्हीवरच्या ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमाचं. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क. मंचावर लिली, काळ्या मेणबत्त्या आणि झुंबर हवं, असं कर्टने सांगितलं. निर्माता अॅलेक्स कोलेटीने विचारलं, अंत्यविधीसारखं? कर्ट म्हणाला, अगदी तसंच. हा किस्सा आता त्या कार्यक्रमाला कायमचा चिकटलाय. ज्या वाचकाला एप्रिल माहीत आहे त्याला तो अंगावर येतो. पण त्या संध्याकाळी वाजलेल्या चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची होती. द व्हॅसेलिन्सचं एक, डेव्हिड बोवीचं एक, तीन मीट पपेट्स या बँडची, शेवटी लेड बेलीच्या आवाजात कर्टला भेटलेलं जुनं लोकगीत. मीट पपेट्सच्या दोघा भावांना त्याने मंचावर बोलावून शेजारी बसवलं. एमटीव्हीवर आपली लोकप्रिय गाणी वाजवून मोकळं होता आलं असतं, त्याऐवजी त्याने आपल्याला आवडलेल्या, बोवी सोडला तर फारशा कुणी न ऐकलेल्या लोकांची गाणी लाखो घरांत पोहोचवली. त्या रात्रीकडे असंही बघता येतं, आणि फुलांपेक्षा गाण्यांची यादी मला जास्त बोलकी वाटते.

तुम्ही हे पुस्तक किंवा असं दुसरं चरित्र वाचलं असेल तर जरूर लिहा. चरित्रकार आपल्याला कुठे आणि कसा पटवतो, यावर बोलूया.

काळी कॅसेट

धागा आवडला, पण माझा विरोध नोंदवतो.

स्टार टीव्हीवर एमटीव्ही दिसायचं तेव्हापासून ही गाणी ऐकतोय. त्या वयात आम्हाला कर्टबद्दल जे मिळायचं ते म्हणजे कॅसेटच्या आतला कागद, आणि कुणाच्या चुलतभावाने अमेरिकेहून आणलेलं एखादं मासिक. क्रॉसच्या पुस्तकाने मला पहिल्यांदा तो माणूस दिला. अॅबर्डीनचा पाऊस, रिकाम्या खिशाने काढलेले दिवस, ऑलिंपियातलं घर. हे फक्त तारखा आणि ‘अमुकच्या म्हणण्यानुसार’ लिहून येत नाही. चरित्र म्हणजे पंचनामा नव्हे. चारशे माणसांशी बोललेल्या लेखकाला शेवटच्या रात्रीबद्दल अंदाज बांधायचा अधिकार नसेल तर कुणाला आहे?

शिवाय पुस्तकाच्या शेवटी स्रोतांची टिपणं आहेत. प्रत्येक प्रकरणासाठी कुणाशी कधी बोलला ते त्याने दिलंय. लपवाछपवी कुठे आहे?

रानवारा

@काळी कॅसेट, टिपणं आहेत, मान्य. पण ती प्रकरणवार आहेत. अमुक प्रकरणासाठी या दहाजणांशी बोललो, एवढंच. कोणतं वाक्य कुणाचं ते कळायला मार्ग नाही. समजा एकाच प्रसंगाबद्दल आई, वडील आणि शाळेतला मित्र वेगवेगळं बोलले असतील, तर क्रॉसने कुणाचं ऐकलं? आपल्यासमोर एकच सलग गोष्ट येते. मतभेद शिवून टाकलेले आहेत आणि शिवण दिसत नाही. मला हे पहिल्या वाक्यातल्या मिनिटांपेक्षाही प्रभावी तंत्र वाटतं, कारण ते कुठल्या एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही.

दुसरा मुद्दा वह्यांचा. २००२ साली त्या छापून आल्यावर आपल्यालाही बघता आल्या. त्यांत बँडची ओळख करून देणारे मसुदे आहेत, आणि त्यांतल्या ‘माहिती’त कर्टने मनाला येईल ते घुसडलंय. न पाठवलेली पत्रं आहेत, अर्धवट गाणी आहेत, चित्रं आहेत. कोणतं पान कबुली आहे, कोणतं सोंग, कोणता गाण्याचा कच्चा खर्डा, हे पानावर लिहिलेलं नाही. चरित्रकार वहीतली ओळ उचलतो तेव्हा ‘हे त्याने स्वतःच लिहिलंय’ यापुढे वाचकाचं तोंड बंद होतं. पण त्याच माणसाने पुलाची गोष्टही स्वतःच सांगितली होती ना? बोललेलं तपासायचं आणि लिहिलेलं तसंच घ्यायचं, हे मला पटत नाही.

मेल्व्हिन्स या बँडचा बझ ऑसबोर्न कर्टला शाळेच्या दिवसांपासून ओळखायचा. २०१५ साली ‘मॉन्टाज ऑफ हेक’ हा कर्टवरचा माहितीपट आला तेव्हा त्याने उघडपणे लिहिलं की त्यातलं बहुतेक सगळं खोटं आहे, आणि लोकांना गंडवण्यात कर्ट पटाईत होता. ऑसबोर्नचं सगळंच बरोबर असेल असं नाही. पण वह्या आणि टेपा वाचताना त्याचा इशारा लक्षात ठेवावा.

टेपवेडा

माझा अनुभव उलट्या टोकाचा आहे. डोअर्स या बँडचा गायक जिम मॉरिसन याच्यावरचं ‘नो वन हिअर गेट्स आउट अलाइव्ह’, जेरी हॉपकिन्स आणि डॅनी शुगरमन यांचं, १९८०चं. शुगरमन शाळकरी वयातच डोअर्सच्या ऑफिसात कामाला लागलेला. त्यामुळे चाहत्याची भक्ती आणि आतल्या माणसाचा अधिकार, दोन्ही एकत्र येतात. हे मिश्रण वाचकाला सहज वाहवत नेतं.

क्रॉस शेवट अटळ करतो, हे दोघं शेवट उघडा ठेवतात. मॉरिसन ३ जुलै १९७१ला पॅरिसमध्ये गेला, शवविच्छेदन झालं नाही. या एका वस्तुस्थितीवर उभं राहून पुस्तक आपल्याला शेवटी अशा जागी सोडतं की तो खरंच गेला का, असा प्रश्न मनात राहावा. कुठेही खोटं विधान नाही, फक्त दार लोटून न घेता तसंच ठेवलंय. पुस्तक तुफान खपलं, आणि त्यानंतरच्या पिढीचा मॉरिसन बराचसा त्या पुस्तकातला आहे.

तिथेही गायकाने स्वतःच सुरुवात करून दिली होती. १९६७ साली रेकॉर्ड कंपनीच्या परिचयपत्रात त्याने आईवडील मेलेत असं दिलं. वडील जिवंत होते, अमेरिकी नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते. चरित्रकार येण्याआधीच पहिला खर्डा गायकाने लिहून ठेवलेला असतो, असं या लोकांच्या बाबतीत म्हणता येईल.

पानगळ

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. आपल्याकडे ऐतिहासिक पुरुषांच्या मनात शिरून लिहायची सवय जुनीच आहे, पण त्या पुस्तकावर चरित्रात्मक कादंबरी असं लिहिलेलं असतं. क्रॉसने शेवटच्या प्रकरणाला तसं काही म्हटलं असतं तर तुमचा आक्षेप उरला असता का?

मंद्रसप्तक

@पानगळ, बराचसा गेला असता. मला कल्पनेचं वावडं नाही. वाचकाला कळलं पाहिजे की आता लेखक कल्पना करतोय. ‘इथून पुढे मला माहीत नाही, खोलीतल्या वस्तूंवरून मला असं वाटतं’ एवढं वाक्य पुरलं असतं. त्याने ते प्रकरण दुबळं झालं नसतं. उलट ज्याला चारशे माणसांनी सगळं सांगितलं त्यालाही इथे थांबावं लागलं, हे वाचून मी जास्त हलले असते. (आणि कादंबरी असं छापलेलं असूनही आपल्याकडे लोक तिला इतिहास म्हणून सांगतात, तो वेगळा धागा होईल.)

@काळी कॅसेट, पंचनामा नको हे पटतं. अॅबर्डीनची पानं मलाही फार आवडतात, आणि ती आवडतात कारण तिथे डोळ्यांनी बघितलेलं सांगणारी माणसं आहेत. अंदाज बांधायचा अधिकार क्रॉसला आहेच. अंदाज हा अंदाज म्हणून सांगावा, इतकंच म्हणते.

शरयूकाठ

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, त्या बाजूने लिहिते.

मंद्रसप्तक यांनी ज्याला अटळपणा म्हटलंय तो माझ्यासाठी साहित्यापुरता प्रश्न नाही. आत्महत्येबद्दल कसं लिहावं याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आहेत. एकच कारण देऊन विषय मिटवू नये, पद्धतीचं वर्णन करू नये, मृत्यूला सुंदर किंवा अर्थपूर्ण करू नये. यामागे कारण आहे. अशा मनःस्थितीत असलेला माणूस वाचत असतो, आणि ‘याच्या नशिबात हेच होतं’ हे वाक्य तो स्वतःला लावून घेतो. आमच्याकडे येणारे लोक जवळपास याच शब्दांत बोलतात : लहानपणापासूनच असं होतं, घरातच आहे, वेगळं काही होणार नव्हतं. खुणांची माळ तेही ओवतात. मदत सुरू होते तेव्हा आधी ती माळ सुटी करावी लागते. जी वर्षं बरी गेली, जी माणसं जवळ होती, जे दिवस निभावले, ते पुन्हा मोजायला लावावे लागतात.

कर्टच्या बाबतीत एक अभ्यास महत्त्वाचा आहे. त्याच्या मृत्यूनंतर सिएटल परिसरात अनुकरणाची लाट येईल अशी भीती होती. डेव्हिड जोब्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आत्महत्या वाढल्याचं दिसलं नाही. मदतीसाठी फोन करणाऱ्यांची संख्या मात्र वाढली. त्या दिवसांत कलाकाराचं काम आणि त्याचा मृत्यू वेगळे ठेवून बोललं गेलं, मदतीचे रस्ते सतत सांगितले गेले, याला संशोधकांनी महत्त्व दिलं. शब्दांची मांडणी जिवावर बेतू शकते आणि जीव वाचवूही शकते, म्हणून मला हा धागा गरजेचा वाटतो.

संपादक मंडळ

सदस्यांनी तपशिलांबाबत पाळलेल्या संयमाबद्दल आभार. हे वाचून कुणाला त्रास होत असेल, किंवा जवळच्या कुणाची काळजी वाटत असेल, तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येतं.

अवचित

कोर्टनीचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. वह्या क्रॉसला तिच्यामुळे मिळाल्या. एव्हरेट ट्रू या ब्रिटिश पत्रकाराने तर क्रॉसचं पुस्तक म्हणजे कोर्टनीला मान्य असलेला इतिहास, असं म्हटलंय. कुणाच्या हातून कागद मिळाले यावर गोष्टीचा कल ठरतो, हे साधं आहे.

पण ट्रू स्वतः तरी बाहेरचा कुठे होता? ३० ऑगस्ट १९९२ला रेडिंग महोत्सवात कर्टला चाकाच्या खुर्चीतून मंचावर ढकलत आणणारा माणूस तोच. ‘मी तिथे होतो’ हेही पटवण्याचंच तंत्र आहे, आणि चाहत्यांवर ते सगळ्यात जास्त चालतं.

त्या रात्रीबद्दल थोडं सांगतोच. कर्ट मरायला टेकलाय, बँड फुटलीय, अशा बातम्या ब्रिटिश साप्ताहिकांत चालू होत्या. तो दवाखान्यातला झगा आणि विग घालून खुर्चीतून आला, माइकला धरून उभा राहिला, एका गाण्याची ओळ कशीबशी म्हणून आडवा पडला. मग उठला आणि दीड तासाच्या आसपास असं वाजवलं की लोक अजून त्याबद्दल बोलतात. लोक आपली कोणती गोष्ट सांगतायत हे त्याला नीट माहीत होतं, आणि हजारो लोकांसमोर त्याने ती खोडून काढली. मृत्यूच्या खुणा गोळा करणाऱ्या लेखकाला या खुर्चीतही मृत्यूच दिसेल. मला त्या खुर्चीतून उठणारा माणूस दिसतो.

सारंगी

अॅझेराडबद्दल कुणीतरी लिहायला हवं. त्याचं ‘कम अॅज यू आर’ आलं १९९३च्या शरदात, कर्ट जिवंत असताना, त्याच्याशी तासन्‌तास बोलून. ते कोणत्या हवेत लिहिलं गेलं ते बघा. सप्टेंबर १९९२च्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये कोर्टनीच्या गरोदरपणातल्या हेरॉइनबद्दल छापून आलं होतं. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलीचा, फ्रान्सिसचा, ताबा राहतो की जातो अशी वेळ आली होती. त्याच वर्षी व्हिक्टोरिया क्लार्क आणि ब्रिट कॉलिन्स या दोघी परवानगीशिवाय चरित्र लिहितायत म्हटल्यावर कर्टने त्यांच्या फोनवर धमक्यांचे निरोप ठेवले. अशा वेळी एका लेखकाला घरात घेऊन सगळं सांगितलं गेलं. गायकाला स्वतःची बाजू मांडायची निकड होती. पोटाच्या दुखण्यामुळे हेरॉइन घ्यावं लागलं, ही गोष्ट त्या पुस्तकात सहानुभूतीने आली त्याला हा संदर्भ आहे.

आणि मग अॅझेराडने जे केलं ते मला विलक्षण वाटतं. २०२३ साली त्याने तेच पुस्तक पुन्हा आणलं, मूळ मजकूर तसाच ठेवून जागोजागी स्वतःची टिपणं घालून. इथे कर्ट वाढवून सांगत होता, इथे मी विचारायला हवं होतं, हे आता मला वेगळं दिसतं. तीस वर्षांपूर्वीचा तरुण लेखक आणि आजचा लेखक एकाच पानावर वाचायला मिळतात. रानवारा म्हणतात ती शिवण त्याने स्वतः उसवून दाखवली.

काळी कॅसेट

शरयूकाठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं म्हणणं मी सगळं सोडत नाही, क्रॉसचं अॅबर्डीन मला हवंच आहे. पण शेवटचं प्रकरण एखाद्या सोळा वर्षांच्या पोराच्या हातात द्यावं का, यावर माझं उत्तर आता ‘नको’ असं आहे.

एक विचारतो. अटळ नव्हतं म्हणता, तर त्या शेवटच्या महिन्यांत दुसरीकडे जाणाऱ्या वाटा होत्या याला काही आधार आहे का? की तीही आपली इच्छाच?

मंद्रसप्तक

हा प्रश्न हवाच होता. आधार आहे, आणि तो नोंदलेला आहे.

२७ जानेवारी १९९४च्या ‘रोलिंग स्टोन’मध्ये डेव्हिड फ्रिकने आदल्या ऑक्टोबरात घेतलेली मुलाखत आहे. लोकांना वाटतं त्यापेक्षा मी खूप जास्त आनंदी माणूस आहे, असं कर्ट तिथे म्हणतो. ‘इन यूटेरो’ या अल्बमसाठी आधी ठरवलेलं, स्वतःच्या मृत्यूबद्दलचं ते नाव निव्वळ विनोद होता, असंही सांगतो. आता कुणी म्हणेल की तो लपवत होता. असेल. पण मग वहीतली काळी ओळ खरी आणि मुलाखतीतली उजळ ओळ खोटी, हे आधीच ठरवून आपण वाचतोय, एवढं तरी मान्य करावं लागेल. माणूस ऑक्टोबरात बरा आणि मार्चमध्ये कोसळलेला असू शकतो. मार्चच्या सुरुवातीला रोममध्ये तो मरता मरता वाचला होता. तिथून पुढचे आठवडे भयंकर होते यात शंका नाही. पण ते आठवडे होते, सत्तावीस वर्षं नव्हती.

दुसरं, आर.ई.एम. या बँडचा गायक मायकेल स्टाइप. कर्टला त्या अवस्थेतून बाहेर काढायला म्हणून त्याने दोघांनी मिळून काम करायचा बेत केला, त्याच्यासाठी विमानाचं तिकीटही पाठवलं. कर्ट गेला नाही. पण बेत होता, आणि पुढे शांत, तारवाद्यांच्या अंगाने जाणारं संगीत करायची इच्छा कर्टने स्वतः बोलून दाखवली होती. त्या घरात सापडलेली आर.ई.एम.ची सीडी क्रॉसच्या प्रकरणात शेवटच्या प्रसंगाचं पार्श्वसंगीत होते. मला ती सीडी त्या न झालेल्या कामाची खूण म्हणून दिसते.

आणि तिसरं, १० एप्रिल १९९४ची सिएटलमधली सभा. हजारो लोक जमले होते. कोर्टनीने चिठ्ठी वाचून ध्वनिमुद्रित केलेली होती, ती तिथे ऐकवली गेली. ती सरळ वाचत नाही. एक वाक्य वाचते आणि त्याच्याशी भांडते. शिव्या घालते, रडते, हे खोटं आहे म्हणते, मग असं करायचंच नव्हतं म्हणते. जवळच्या माणसाच्या शेवटच्या शब्दांपुढेही तिने मान तुकवली नाही, ओळीओळीला उत्तर दिलं. चरित्रांनी नंतर त्या मृत्यूला जो गुळगुळीत अर्थ दिला तो त्या टेपमध्ये कुठेही नाही. कोर्टनीबद्दल कुणाचं काहीही मत असो, क्रॉसचं शेवटचं प्रकरण वाचलेल्या प्रत्येकाने ती टेप ऐकावी असं मला वाटतं.

रानवारा

‘ते आठवडे होते, सत्तावीस वर्षं नव्हती’ याला +१.

सत्तावीसवरून आठवलं. सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन आणि कर्ट यांचा तो ‘क्लब’ हेही याच जातीचं तंत्र आहे. कर्टची आई वेंडी अॅबर्डीनच्या वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाली होती की त्या मूर्ख क्लबात जाऊ नकोस असं मी त्याला सांगितलं होतं. एका आईचा तो संताप होता. लोकांनी त्यातला क्लब तेवढा उचलला आणि ‘मूर्ख’ हा शब्द टाकून दिला. तेव्हापासून सत्ताविसाव्या वर्षी कुठलाही गायक गेला की बातमीचा मथळा तयार असतो. एमी वाइनहाउसच्या वेळी २०११ साली हेच झालं. ती कशाने गेली, तिला कोणती मदत मिळाली नाही, हे विचारायच्या आधी तिचं वय छापलं गेलं.

पानगळ

मग नव्याने वाचणाऱ्याने कोणत्या क्रमाने वाचावं?

मंद्रसप्तक

माझ्या मते आधी अॅझेराडची २०२३ची टिपणांसह आवृत्ती, कारण तिथे लेखकावर शंका घ्यायला लेखकच शिकवतो. मग क्रॉस, सुरुवातीपासून रोमपर्यंत. वह्या त्यानंतर, आणि त्याही चरित्रातल्या अवतरणांशी ताडून बघत : क्रॉसने ओळ कुठून उचलली आणि तिच्या वर-खाली त्या पानावर आणखी काय होतं. सारंगी, तुमच्याकडे टिपणांची आवृत्ती असेल तर पुलाच्या गोष्टीशेजारी अॅझेराडने आता काय लिहिलंय ते इथे टाकाल का?

सारंगी

आहे माझ्याकडे. रविवारी ती पानं काढून सविस्तर लिहिते, पोटाच्या दुखण्यावरचं टिपणही सोबत देते.